पत्रात न मावलेलं

“सर, हे मला लिहून द्या. तोंडी ऐकलेलं सभागृहात मांडता येत नाही, हातात कागद असला तर मांडता येतं,” असं आमदारसाहेब म्हणाले आणि हात जोडून पुढच्या माणसाकडे वळले.

बायकोच्या माहेरगावी, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात ही गाठ पडली. बेळगावला हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होऊन गेलं की तिथले आमदार गावात येतात आणि आपण काय बोललो, काय मागितलं ते सांगतात. यंदा त्यांच्या कागदावर मला लागणारे दोन्ही विषय होते. एक, तरुणांना कारखान्यात उपयोगी पडेल असं प्रशिक्षण. दुसरा, व्यसनात अडकलेल्यांवर उपचार. पहिला सुरुवातीलाच आला. मग रस्ता, पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर. दुसरा अगदी शेवटी आला, लोक चपला शोधायला लागल्यावर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “साहेब, हे दोन नाहीत, एकच विषय आहे.” त्यापुढं मला नीट बोलता आलं नाही. घरातली गोष्ट चारचौघांत काढली की माझा गळा भरतो. ते त्यांनी ओळखलं असावं.

पत्र लिहिलं. फुलस्केपची चार पानं, मराठीत. संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, आणि आमच्या मराठी सीमाभागात हे कलम तोंडपाठ असलेली माणसं गल्लीगल्लीत भेटतात. पत्रात मागण्या आल्या, कायद्यांची नावं आली. माझा धाकटा भाऊ मात्र त्यात मावला नाही. तो इथं लिहितोय, त्याला विचारून.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवतो. एकोणतीस वर्षं झाली. त्याआधी तीन वर्षं उद्यमबागेत लेथवर होतो. बेळगावची पोरं शिकून कुठं जातात हे मला सांगावं लागत नाही, त्यांच्या गाड्या सकाळी पावणेआठला कुठं वळतात ते दिसतं: उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा, काही सीमा ओलांडून चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला. कास्टिंग, मशिनिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग. टर्नर आणि फिटर हे दोन वर्षांचे कोर्स, वेल्डर एक वर्षाचा, फाउंड्रीमन, म्हणजे ओतकामाचा, तोही एकच वर्षाचा. फाउंड्रीमनला मुलं यायला मागत नाहीत. काम काळं आहे आणि भट्टीचं आहे.

माझा भाऊ ते काम कोर्स न करताच शिकला. दहावीत गणित गेलं, अठराव्या वर्षी एका फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागला आणि बघता बघता मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, झाला. वाळूची मूठ दाबायचा, ती मोडून तिच्या कडा बघायचा आणि ओल जास्त आहे की कमी ते सांगायचा. लॅबचा रिपोर्ट मागाहून यायचा आणि बहुतेक वेळा त्याच्यासारखाच यायचा. कोअर बसवणं, बॉक्स बंद करणं, चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस लॅडलमधून न थांबता ओतणं. मी मायक्रोमीटरचा माणूस, तरी मला त्याच्या हाताचा अभिमान होता. तेवीस वर्षांच्या या कामाचा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. पुढं तेच नडलं.

पिणं कामाबरोबरच सुरू झालं. ओतकाम संपलं की घसा कोरडा, अंग भाजल्यासारखं, आणि फाटकाबाहेर पाकिटं विकायला बसलेली. तेव्हा अरॅक ही देशी दारू पाकिटात मिळायची, आमच्याकडं तिला सारायी म्हणत. १ जुलै २००७ ला कर्नाटकात अरॅक बंद झाली तेव्हा आईनं घरी नारळ फोडला होता. महिन्याभरात तो नव्वद मिलीच्या व्हिस्कीच्या पाकिटांवर आला. तीच नाइंटी, फक्त महाग. वर गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेनं येणारी स्वस्त बाटली होतीच. आईचा नारळ मला अजून आठवतो, कारण आम्ही सगळ्यांनीच त्या दिवशी धरून चाललो होतो की दुकान बंद झालं म्हणजे माणूस बरा झाला.

२०१९ चा महापूर ओसरला, गणपती आले. गणपतीत घरात वास नको म्हणून मी एक काम केलं. आज विचार केला की अंगावर काटा येतो. त्याला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. चार दिवस पाणी आणि जेवण, बास. मला वाटलं, थोरला भाऊ म्हणून मी योग्य तेच करतोय. पहिल्या रात्री हात थरथरायला लागले. दुसऱ्या दिवशी घामानं अंथरूण भिजलं. संध्याकाळी वरून धप्प असा आवाज आला. कडी काढून बघतो तर तो जमिनीवर, दात आवळलेले, हातपाय झटकतायत.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी एवढं तरी लिहून ठेवतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की मेंदू बिथरतो. कित्येक वर्षं दारूनं त्याला दाबून ठेवलेलं असतं, दाब निघाला की तो उसळतो. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावतो. म्हणून हे दवाखान्यात, औषधाच्या आधारानं, मोजून कमी करत न्यायचं असतं. औषध किती द्यायचं हे तो रोज किती पीत होता यावर ठरतं, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वेळेवर लागतात. कडी लावून हे होत नाही.

त्याला आम्ही एका दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या त्या मुलीचा दोष मला आजही वाटत नाही. डॉक्टर तरुण होती, दक्षिणेकडची, चोवीस तास ड्यूटी करून डोळे लाल झालेली. तिनं कन्नडमध्ये विचारलं, “दिना एष्टु कुडीतीरी?” रोज किती पिता? भावाला कन्नड येत होतं. फाउंड्रीत निम्मी माणसं गोकाक आणि बैलहोंगलकडची, त्यांच्याबरोबर तो दिवसभर कन्नडमध्येच ओरडायचा. पण आई उशाशी, बायको पायथ्याशी, मी दारात. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “स्वल्प.”

स्वल्प म्हणजे थोडी. तिनं तसं लिहून घेतलं. मी दारात उभा होतो, मला खरं माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. पाव्हण्यांपैकी दोघं वऱ्हांड्यात होती म्हणून. त्या रात्री त्याला औषध त्या एका शब्दाच्या हिशेबानं मिळालं, आणि पहाटे तो भिंतीवरून मुंग्या काढत बसला होता. मुंग्या नव्हत्या.

त्याला मराठीत, एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं की नाही, मला खात्री नाही. पण सांगायची वाट तरी मोकळी झाली असती. कन्नडमध्ये त्याला कामाचे शब्द येत होते, वाळूचे, पगाराचे, भांडणाचे. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी पितो, हे सांगायचे शब्द त्याच्याकडं कन्नडमध्ये नव्हतेच. आमच्यातल्या पुष्कळांचं असंच आहे, आणि मी हे कुठल्याही भाषेच्या रागानं लिहीत नाही. मी स्वतः वर्गात दोन्ही भाषांत शिकवतो.

ज्या गोष्टीसाठी मी मांडवात उभा राहिलो होतो ती इथून सुरू होते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येतच धरल्या आहेत. म्हणजे व्यसनी माणूस हा कायद्याच्या नजरेत रुग्ण आहे. त्याच कायद्याचं २२ वं कलम म्हणतं की रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत आणि स्वरूपात मिळाली पाहिजे. आम्ही इकडं सातबाऱ्याच्या भाषेसाठी, बसच्या पाटीसाठी भांडत आलो. ते भांडण मी सोडा म्हणत नाही. पण हे कलम हातात असताना आमच्यातल्या एकानंही दवाखान्याच्या खिडकीवर ते दाखवलेलं मी ऐकलं नाही. मीही दाखवलं नव्हतं. मला ते माहीत झालं दोन वर्षांनी.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. ‘टाकलं’ हाच शब्द आम्ही तेव्हा वापरला. पैसे आगाऊ घेतले, फोन काढून घेतला, एकवीस दिवस भेट नाही. बाविसाव्या दिवशी तो आला तेव्हा पाठीवर वळ होते. तिथं डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा म्हणे. अशी केंद्रं राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदलेली असावी लागतात, हेही त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. नोंदणीचा कागद दाखवा म्हणण्याचा हक्क प्रत्येक आई-बापाला आहे. आधी कागद बघा, मग पैसे मोजा.

शेवटी धारवाडला गेलो, तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत. ती जागा फार जुनी, इंग्रजांच्या काळातली, आणि आमच्या भागात ‘धारवाडला नेलं’ म्हटलं की लोक वेगळंच समजतात. म्हणून आम्ही तिथं सगळ्यात शेवटी गेलो. सगळ्यात आधी जायला हवं होतं. तिथं निपाणीकडच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, “दादा, सकाळपासून सुरू करू. उठल्यावर पहिली कधी?” त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. उठल्यावर दोन नाइंटी, दुपारच्या सुट्टीत एक, रात्री एक क्वार्टर आणि मिळाली तर आणखी. हा आकडा त्यांनी डॉक्टरांना सांगितला, आणि उपचाराला खरी सुरुवात झाली.

आता कारखान्याची गोष्ट. या सगळ्यात दोनेक महिने गेले. फाउंड्रीत आम्ही सांगितलं होतं की कावीळ झालीय. दारूवरचा उपचार असं सांगायची लाज. सुपरवायझर भला माणूस, तो म्हणाला, ठीक आहे, काविळीचा कागद आणा. काविळीचा कागद कुठून आणणार? धारवाडचा कागद होता, तो दाखवायचा नव्हता. दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजर राहणं हे तेव्हाच्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांसाठीच्या सरकारी सेवानियमांत, गैरवर्तनच होतं. नाव कमी झालं. मालकाला मी वाईट म्हणत नाही, भट्टी कुणासाठी थांबत नाही.

पण भावाच्या पाकिटात ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं. त्या कायद्यानुसार आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगाराइतका भत्ता मिळायचा, आणि तो भत्ता चालू असेपर्यंत मालकाला कामावरून काढता येत नव्हतं. आम्ही खरं सांगून, ईएसआयच्या डॉक्टरकडून वेळेवर दाखला घेतला असता तर बहुधा त्याचं काम टिकलं असतं. तेवीस वर्षांची नोकरी आमच्या लाजेपायी गेली. रात्री दीडला जाग आली की मला हेच आठवतं.

हे जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांमध्ये गेले आहेत. स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना आहे. उद्यमबागेतल्या पंचवीस-तीस माणसांच्या वर्कशॉपला ती लागत नाही. पण संहितांखालचे बरेचसे नियम राज्यानं करायचे आहेत, आणि इथं आमदारांचं काम येतं. पत्रातली माझी पहिली मागणी हीच: व्यसनाच्या उपचारासाठी घेतलेली रजा ही आजारपणाची रजा धरावी, कारखाना कितीही लहान असो, आणि दाखल्यावर रोगाचं नाव लिहायची गरज नसावी. ‘उपचार चालू आहेत’ एवढं डॉक्टरनं लिहिलं की पुरे.

नोव्हेंबरात तो घरी आला. वजन भरलं होतं, डोळे स्वच्छ झाले होते. आई खूश. आणि सकाळी आठला कारखान्यांचे भोंगे वाजायचे, गल्लीतली माणसं डबे घेऊन निघायची, आणि तो ओसरीवर बसायचा. डबा भरायला त्याची बायको उठायची आणि पुन्हा आडवी व्हायची. जुने सोबती संध्याकाळी येऊन बसायचे, प्रेमानंच यायचे. दुसऱ्या फाउंड्रीत विचारलं तर म्हणाले सर्टिफिकेट काय आहे. हाताला तेवीस वर्षांचं काम आणि कागदावर दहावी नापास.

मी प्रशिक्षणाच्या खात्यात आहे, मला त्या वेळी सुचायला हवं होतं. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. शिकलेलं पुन्हा शिकायला लागत नाही, थोडी उजळणी आणि मग परीक्षा. माझ्या मुलांना मी हे सांगत होतो आणि भावासाठी डोक्यात आलं नाही. कारण घरात तो मला मोल्डर दिसत नव्हता, दारुडा दिसत होता. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन झाला, दारूची दुकानं बंद. तो शांत राहिला. ४ मे ला कर्नाटकात दुकानं उघडली, टीव्हीवर रांगा दाखवत होते, आणि त्याच संध्याकाळी तो रांगेतून परत आला. मी ओरडलो नाही. कडी लावली नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाच्या गाडीनं, पास काढून, धारवाडला गेलो. सिस्टर बदलून गेल्या होत्या. या वेळी त्याचा आकडा मी दारात उभा राहून मोठ्यानं सांगितला.

परत आल्यावर वेगळं केलं ते एवढंच. मच्छ्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप आहे, आठ मशिनी. त्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, “सर, पाठवा. पगार पहिल्यांदा कमी देतो, पण आठला हजर राहू दे.” पहिले तीन महिने मी स्वतः त्याला सकाळी सोडायचो आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं आणायचो, दुसऱ्या रस्त्यावर बार आहे म्हणून. टूल-क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, बसला: ड्रिल, टॅप, इन्सर्ट, गेज, कोण काय घेऊन गेलं त्याचं रजिस्टर. रविवारी मी त्याला व्हर्निअर शिकवलं. चाळिशी उलटलेला माणूस पट्टीवरची रेघ जुळवताना जीभ दातात धरून बसायचा, माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांसारखा. ज्या दिवशी त्याच्या हातातला व्हर्निअर थरथरला नाही त्या दिवशी मी आईला फोन केला.

म्हणून मी म्हणतो विषय एकच आहे. वॉर्डातून बाहेर पडल्यावरचे पहिले तीन महिने कोणाच्याच खात्यात नाहीत. आरोग्य खातं म्हणतं रुग्ण सोडला. कौशल्य खातं म्हणतं अर्ज आला नाही. त्या माणसानं सकाळी आठला कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. पत्रात मी मागितलंय की सरकारी दवाखान्यातून व्यसनाचा रुग्ण घरी पाठवताना त्याच कागदासोबत प्रशिक्षण केंद्राची जागा किंवा अनुभवाच्या परीक्षेची तारीख लिहून मिळावी, आणि त्या तीन महिन्यांचं विद्यावेतन सरकारनं द्यावं. पदवी आणि डिप्लोमा झालेल्या बेरोजगारांना युवानिधीतून दोन वर्षांपर्यंत पैसे देण्याची व्यवस्था या सरकारनं उभी केलीच आहे. तशीच एक छोटी वाट यांच्यासाठी करता येईल.

पैसे कुठून, असं कुणीतरी विचारणारच. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्यानं अबकारी खात्याला ४०,००० कोटींचं उद्दिष्ट दिलंय. शंभरातला एक रुपया बाजूला काढला तरी ४०० कोटी होतात. मद्यपान कमी व्हावं म्हणून राज्याचं संयम मंडळ आहे, संविधानाचं ४७ वं कलम आहे. त्या ४०,००० कोटींत माझ्या भावाच्या रोजच्या नाइंट्याही अनेक वर्षं गेल्या आहेत. त्यातला एक रुपया परत मागणं ही भीक नव्हे.

वर्गातलंही थोडं सांगतो. लेथवर उभ्या मुलाचे हात थरथरताना दिसले की मी मशीन बंद करतो, कारण फिरता चक बोट विचारून घेत नाही. पूर्वी वर्षाला एखादा असायचा. आता जास्त असतात, आणि दारूबरोबर गांजाही आहे. एकदा एका मुलाच्या खिशात पुडी सापडली, तेव्हा सगळे म्हणाले नाव काढून टाका. नाव काढलं असतं तर त्याचं दीड वर्ष पाण्यात, आणि तो पुडीवाल्याकडंच गेला असता. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे: सेवन केल्याचा किंवा थोडा माल बाळगल्याचा गुन्हा असेल आणि तो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. त्याच्या वडिलांना मी हे कलम मराठीत लिहून दिलं. मुलानं उपचार घेतले, ट्रेड टेस्ट पास झाला. आज तो सीएनसी चालवतो. प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर हे कलम मराठीत आणि कन्नडमध्ये लागलं पाहिजे, ही माझी आणखी एक मागणी.

प्रशिक्षणाच्या बाजूचं एकच बोलतो, बाकी पत्रात आहे. २०२२ मध्ये राज्यातल्या १५० सरकारी आयटीआयमध्ये नवी यंत्रं आली, चांगलं झालं. पण मुलाला खरं काम येतं ते कारखान्यात अप्रेंटिस म्हणून. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचेच असा नियम आहे. बेळगाव जिल्ह्यात असे कारखाने किती आणि त्यांतल्या किती जणांनी घेतले, एवढा एक तारांकित प्रश्न आमदारांनी विचारावा. उत्तर आलं की पुढचं आपण बोलू. २०२४ च्या जुलैत स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवण्याचं विधेयक मंत्रिमंडळानं मंजूर केलं आणि लगेच थांबवलं. त्यात स्थानिक कोण हे ठरवताना कन्नड लिहिता-वाचता येण्याची अट होती. ते पुन्हा आलं तर पिढ्यानपिढ्या इथंच राहिलेल्या मराठी मुलांना त्या अटीआधी कन्नड शिकायचे वर्ग मिळावेत, फुकट, संध्याकाळी, कारखान्याजवळ. मुलं शिकतील. माझी पोरं सहा महिन्यांत ड्रॉइंग वाचायला शिकतात, लिपी काय अवघड आहे?

२०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं व्यसनांवरची देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. माझ्या वर्गात विसाची तुकडी असते. दोन तुकड्यांत एक. हा आकडा वाचल्यावर मी हजेरीपट समोर ठेवून बराच वेळ बसलो होतो.

कुणाला आजच गरज असेल तर: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही फुकट. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, पहिल्यांदाच तसं सांगा.

पत्र द्यायच्या आदल्या रात्री मी ते भावाला वाचायला दिलं. घरातलं नाव नाही, पण उदाहरण म्हणून चार ओळी त्याच्यावर होत्या, त्याला विचारल्याशिवाय देणं बरोबर नव्हतं. तो चष्मा लावून ओसरीच्या दिव्याखाली बसला. टूल-क्रिबच्या रजिस्टरची सवय, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतो. दुसऱ्या पानावर थांबला.

“आण्णा, हे चुकलंय.”

“काय?”

“सकाळच्या दोन नाइंटी लिहिलीस. तीन होत्या. त्या सिस्टरला पण दोनच सांगितलेल्या मी.”

मी काही बोललो नाही. त्यानं माझ्या खिशातलं पेन घेतलं, दोनवर काट मारली आणि वर तीन लिहिलं.

“आता दे नेऊन,” म्हणाला.